अवघड इंग्रजी शब्दांशी ओळख

पूर्णा तालुक्यात 'इनअंडेशन' हा शब्द शिकवणीच्या वर्गातून आला नाही, पीकविम्यातून आला. सोयाबीनच्या रानात पाणी तुंबले की 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचे आणि कळवताना नुकसानीचे कारण निवडायचे, असा नियम होता. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या इंग्रजी मसुद्यात स्थानिक आपत्तींची यादी आहे. तीत गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी यांच्या रांगेत हा शब्द बसलेला आहे. इनअंडेशन म्हणजे रान पाण्याखाली जाणे. पूर्णा जिथे गोदावरीला मिळते त्या तालुक्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगायला नको. परका होता तो शब्द. मोबाइल धरून बसलेला बारावी पास मुलगा, शेजारी उभा असलेला बाप, आणि बापाचा प्रश्न: "ह्यातलं आपलं कोणतं रे?" मुलाने दहा वर्षांहून अधिक काळ इंग्रजी हा विषय घेतलेला असतो, निबंध लिहिलेले असतात, गाळलेल्या जागा भरलेल्या असतात. आता बोट कुठे ठेवायचे ते त्याला कळत नाही. नियम पुढे बदलत गेले, पण असे शब्द आता कागदपत्रांत कायमचे वस्तीला आले आहेत.

दुसरा शब्द याच तालुक्यातल्या चुडावा गावात भेटतो. गावाला पोलीस ठाणे आहे आणि ठाणे असलेल्या गावात 'एनसी' ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. बांधावरून बाचाबाची झाली, शिवीगाळ झाली, प्रकरण ठाण्यात गेले, की परत येणारा सांगतो, "एनसी करून घेतली." एनसीने फार काही होत नाही, हेही त्याला माहीत असते. मात्र ही दोन अक्षरे 'नॉन-कॉग्निझेबल' या शब्दाची आहेत, कायद्याच्या मराठीत त्याला अदखलपात्र म्हणतात, आणि अशा गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करता येत नाही, ही साखळी फार थोड्यांच्या डोक्यात जुळलेली असते. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, शब्द जागचा हलला नाही.

प्रस्तुत पुस्तक अशा शब्दांचे आहे. मुखपृष्ठावर 'प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह' असे छापले असले तरी ते पाठांतराची वही म्हणून हाती घेऊ नये. संकलकांनी शब्द आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेले नाहीत. ते जिथे भेटतात त्या जागांनुसार लावले आहेत: विम्याचा कागद, ठाणे आणि कोर्ट, दवाखाना, बँक, भरतीची जाहिरात, आणि सर्वांत शेवटी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख. ही मांडणी मला मनापासून पटली. अवघड शब्द आपल्यापासून लांब कुठेतरी राहतात, ही समजूतच मुळात खोटी आहे. ते घरात शिरलेले आहेत. आपण त्यांना उघडून पाहिलेले नाही एवढेच.

चुडावा पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे स्टेशन. इथल्या मुलांना जिल्ह्याच्या परभणीपेक्षा नांदेड जवळ पडते. कॉलेज तिकडे, क्लास तिकडे, अभ्यासिकाही तिकडेच. स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही अभ्यासिकेत गेलात तर टेबलावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक नॉर्मन लुईसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी', आणि दुसरी मधोमध उभी रेघ मारलेली वही. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पुस्तक 1949 सालचे, अमेरिकन वाचकासाठी लिहिलेले आणि चांगले आहे. लुईस शब्द सुटा देत नाही. डॉक्टरांचे प्रकार, माणसांचे स्वभाव, खोटे बोलणाऱ्यांच्या तऱ्हा असे विषय घेऊन तो लॅटिन आणि ग्रीक मुळांपासून शब्दांची कुटुंबे उभी करतो. आपल्याकडे मात्र त्याचा उपयोग कसा होतो? मुळांची पाने उलटली जातात, ठळक अक्षरांतले शब्द तेवढे वहीत उतरतात, आणि उभ्या रेघेच्या उजव्या बाजूला एकेक मराठी शब्द चिकटवला जातो. लुईसची सारी मेहनत त्या रेघेपाशी वाया जाते.

रेघेचा दोष काय ते सांगायला एकच क्रियापद पुरे आहे. इंग्रजी शब्दांच्या बहुतेक याद्या 'अ‍ॅबँडन'पासून सुरू होतात आणि समोर अर्थ असतो, सोडून देणे. पाठ झाले. आता आपले 'सोडणे' काय काय करते ते पाहा. आजोबांनी चहा सोडला. थोरल्याने कंपनीतली नोकरी सोडली. त्याने गाव सोडले. धाकटीला शाळेत सोडले. येलदरीतून पाणी सोडले. आजीने उपास सोडला. पोलिसांनी पकडलेल्याला सोडले. नवऱ्याने बायकोला सोडले. मराठी माणूस एकाच शब्दावर इतकी कामे उरकतो आणि ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा गडी लागतो. चहाला 'गिव्ह अप', नोकरीला 'क्विट' किंवा 'रिझाइन', गावाला 'लीव्ह', शाळेतल्या मुलीला 'ड्रॉप', धरणाच्या पाण्याला 'रिलीज', उपासाला 'ब्रेक', आरोपीला 'लेट ऑफ' किंवा पुन्हा 'रिलीज'. या सगळ्या यादीत 'अ‍ॅबँडन' फक्त एकाच ठिकाणी खरा शोभतो: ज्याची जबाबदारी आपल्यावर होती त्याला वाऱ्यावर टाकून जाणे, म्हणजे त्या शेवटच्या नवऱ्याकडे. 'आय अ‍ॅबँडन्ड टी' असे लिहिणारा विद्यार्थी व्याकरणात चुकलेला नसतो, अर्थातही फारसा चुकलेला नसतो. वाचणाऱ्याला मात्र चहाची दया येते.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक शब्दाशेजारी अर्थाच्या आधी दोन वाक्ये दिली आहेत आणि तो शब्द कोणाच्या सोबतीने चालतो ते दाखवले आहे. 'कमिट' हा शब्द गुन्ह्याबरोबर चालतो, चुकीबरोबरही चालतो, पण चांगल्या कामाला तो 'करणे' म्हणून लावता येत नाही. 'प्लेथोरा' म्हणजे नुसते खूप नव्हे, गरजेपेक्षा जास्त. नोकरीच्या अर्जात 'प्लेथोरा ऑफ स्किल्स' लिहिणारा उमेदवार आपल्या गुणांचा सुळसुळाट झाल्याची कबुली देत असतो. सोबतीचा हा हिशेब इंग्रजी शब्दकोशांनीही उशिरा मनावर घेतला. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज जपानमध्ये शिकवत होता. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य जमत नाही, हे त्याने वर्गात रोज पाहिले आणि सहकाऱ्यांबरोबर 1942 मध्ये वाक्यरचना दाखवणारा कोश तयार केला. पुढे ऑक्सफर्डने तो छापला. आज आपण 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून वापरतो तो कोश हाच. त्याचा जन्म मातृभाषकांसाठी झालेला नाही, तुमच्या-आमच्यासारख्या शिकणाऱ्यांसाठी झालेला आहे, हे त्याला हात लावताना आठवावे.

मराठीच्या बाबतीत कोशांची दिशा आधी उलटी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. इंग्रजाला मराठी कळण्याची निकड आधी भागली. मराठी माणसाची पाळी 16 वर्षांनी आली. तीही मुंबई-पुण्याकडच्या माणसाची. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, उच्च शिक्षण उर्दूतून, आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते. इंग्रजी सक्तीची होती, पण इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूच्या दाराने आत यायचा. परभणी जिल्ह्यातल्या ज्या मुलाला त्या काळी हायस्कूल गाठता आले, त्याच्या डोक्यात घरची मराठी, शाळेची उर्दू आणि पुस्तकातली इंग्रजी अशी तीन मजली इमारत असे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपल्यावर मधला मजला काढून घेतला गेला. त्याचे विटा-चुने मात्र बोलीत राहिले. निजामी कारभारात ज्याला 'इत्तिला' म्हणत, त्याला शासकीय मराठी 'पूर्वसूचना' म्हणते आणि विम्याचे अ‍ॅप 'इंटिमेशन' म्हणते. शेतकऱ्याने पाऊस झाल्यावर करायचे काम तिन्हींत एकच. 'दखलपात्र' हा शब्दही त्याच मजल्यावरचा. अरबी-फारसीच्या वाटेने आलेल्या 'दखल'ला संस्कृत 'पात्र' जोडून झालेला. शुद्धतेचा सोस असणाऱ्यांनी तो कधीच मोडीत काढला असता. सुदैवाने पोलिसांना तेवढा वेळ नसतो. शिवाय तो नेमका आहे: कोर्टाने 'कॉग्निझन्स' घेणे म्हणजे दखल घेणेच.

आता मुळांविषयी. पुस्तकातले माझे सर्वांत आवडते प्रकरण हेच, आणि विद्यार्थी ते गाळतील अशी धास्ती असल्यामुळे इथे थोडे लांबण लावतो.

शाळेच्या मराठी व्याकरणात उपसर्गघटित शब्द असतात. परि, उप, अप, दुर्, प्र, अन्. एक-दोन गुणांचा प्रश्न, तेवढ्यापुरते पाठांतर आणि मग विसर. पण इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांचे कुलूप याच किल्ल्यांनी उघडते, हे मुलांना कोणी सांगत नाही. 1786 मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे भाषण केले. तेव्हापासून विद्वानांना माहीत असलेली ही गोष्ट आपल्या आठवीच्या वर्गापर्यंत अजून पोचायची आहे. गणितात आपण आयताची परिमिती काढतो आणि इंग्रजी माध्यमातला मुलगा पेरिमीटर काढतो. 'परि' आणि 'पेरि' सख्खे भाऊ आहेत. मागचे माप दाखवणारे अंगही दोघांचे एकाच घरचे. 'प्रगती'तला 'प्र' आणि 'प्रोग्रेस'मधला 'प्रो' तसेच, आणि दोन्ही शब्दांचा ढाचा एकच: पुढे जाणे. 'अंतर्' आणि 'इंटर' तर सांगायलाच नकोत.

दवाखान्यात या किल्ल्या जास्त कामाला येतात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर 'अ‍ॅनिमिया' लिहिलेले असते. त्यातला 'अ‍ॅन' म्हणजे आपल्या 'अनर्थ'मधला 'अन्', अभाव दाखवणारा. पुढचा भाग ग्रीकमधल्या रक्ताचा. डॉक्टर बीपीला 'हायपरटेन्शन' म्हणतात आणि शुगर एकाएकी उतरली की 'हायपो' झाला म्हणतात. 'हायपर' हा 'उपरि'चा आणि 'हायपो' हा 'उप'चा नातेवाईक. एक वर, एक खाली. एवढे डोक्यात बसले तर चिठ्ठीवरचे निम्मे शब्द दिशा तरी सांगतात. 'डिसेंट्री'तला 'डिस' हा आपल्या 'दुर्गुण'मधला 'दुस्'. इथे मात्र सावध राहावे. 'डिसअग्री'मधला 'डिस' वेगळ्या घराण्यातला, लॅटिन आहे. देवनागरीत दोघे सारखे दिसतात, म्हणून संकलकांनी त्यांना वेगवेगळ्या पानांवर ठेवले आहे.

आणि तो ठाण्यातला 'कॉग्निझेबल'. त्याच्या पोटात 'ग्नो' हे मूळ आहे, जाणणे या अर्थाचे. तेच आपले 'ज्ञा'. हे एक मूळ हाती आले की केवढे घबाड सापडते पाहा. 'रेकग्नाइझ' म्हणजे पुन्हा जाणणे, ओळखणे. 'डायग्नोसिस' म्हणजे आजार वेगळा करून जाणणे, निदान. 'इग्नरंट' म्हणजे न जाणणारा. 'अज्ञानी'ची घडण अगदी हीच. 'अ‍ॅग्नॉस्टिक'ला मराठीत 'अज्ञेयवादी' म्हणतात, तिथे तर भाषांतर करणाऱ्याने अक्षराला अक्षर जुळवले आहे. 'इनअंडेशन'च्या मधला 'अंड' लॅटिनमध्ये लाट. तो आपल्या 'उदक'चा लांबचा भाऊबंद. उदकशांत घालणाऱ्या घरातल्या मुलाला हा शब्द परका वाटावा, यात त्याचा दोष नाही, त्याला शिकवणाऱ्यांचा आहे.

मुळांच्या नादी फार लागू नये, हेही लगेच सांगितले पाहिजे. मूळ शब्दाचा पूर्वज दाखवते, आजचा पत्ता नव्हे. 'डिझास्टर'मध्ये तारा दडलेला आहे, वाईट ग्रहमानाचा; म्हणून आपत्ती व्यवस्थापन कक्षात कोणी पंचांग घेऊन जात नाही. आजचा अर्थ आजच्या वाक्यातच बघावा लागतो. मूळ आठवण पक्की करते. तेवढे काम त्याच्याकडून घ्यावे.

किती शब्द लागतात, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. याचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्याशी नाते असलेली दोन माणसे आहेत. मायकेल वेस्ट ढाक्याला अध्यापक होता. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्याने शब्द मोजून-मापून वाचनमाला लिहिल्या, आणि 1953 मध्ये सुमारे 2000 अत्यावश्यक शब्दांची त्याची यादी आली. दुसरे नाते नांदेडमार्गे. पीपल्स कॉलेजात शिकवणारे नांदापूरचे नरहर कुरुंदकर यांनी आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाच्या कलाविचारावर मराठीत पुस्तक लिहिले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. याच रिचर्ड्सने, मित्र सी. के. ऑग्डन याने 1930 मध्ये मांडलेल्या 'बेसिक इंग्लिश'चा हिरिरीने पुरस्कार केला, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यात शब्द 850. क्रियापदे जेमतेम 18. अर्थाच्या सूक्ष्म छटांवर ग्रंथ लिहिणारा माणूस जगाला 850 शब्दांत भागवायला सांगत होता. ते भागले नाही. पण त्या प्रयोगाने एक गोष्ट चांगली उघड केली: 'गेट', 'पुट', 'टेक' या बारक्या शब्दांवर इंग्रजीचा केवढा भार आहे. आपल्या विद्यार्थ्याला 'टॉलरेट' येतो, 'पुट अप विथ' येत नाही. 'पोस्टपोन' येतो, 'पुट ऑफ' अडतो. लांब शब्द लॅटिन घराण्याचे, औपचारिक, आपल्या तत्सम शब्दांसारखे, म्हणून ते लवकर जुळतात. अडचण या चिल्लर शब्दांची असते, आणि याद्या त्यांना जागाच देत नाहीत.

2000 साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी केली. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाविना वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, असा पॉल नेशन यांचा हिशेब आहे. योगायोग असा की 2000 सालीच महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आता तिशीत आहेत. वाचता येते पण वाचत नाहीत, कळते पण बोलत नाहीत, अशी त्यांची तक्रार सगळे करतात. त्यांना वाचायला काय दिले, हा प्रश्न कमी लोक विचारतात. आठ हजार शब्द कोणी वहीत रेघ मारून मिळवत नाही. ते वाचून अंगात मुरतात, तेही एकच शब्द पाच-सात ठिकाणी निरनिराळ्या सोबतीत भेटल्यावर.

एका बाबतीत माझे संकलकांशी जमलेले नाही. पुस्तकाच्या शेवटी परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या शब्दांची सलग यादी त्यांनी जोडली आहे, समोर मराठी अर्थ, मधे उभी रेघ. विद्यार्थी ती मागतात आणि तिच्याशिवाय पुस्तक खपत नाही, असे त्यांचे म्हणणे. खपाचे गणित मला कळत नाही. त्यांना कळत असेल. वाचकाने निदान यादी शेवटी वाचावी, एवढी विनंती. परीक्षा जवळ आली असेल तर तीही पाळू नये.

मराठीविषयीही एक सांगणे आहे. ज्याला 'निदान', 'निर्णय' आणि 'निष्कर्ष' यांतला फरक आपल्या भाषेत करता येत नाही, त्याला 'डायग्नोसिस', 'डिसिजन' आणि 'कन्क्लूजन' पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. रेघेच्या उजवीकडे काय लिहायचे हेच त्याला ठाऊक नसते. रोज एक मराठी अग्रलेख वाचणे हा इंग्रजी शब्दसंग्रहाचाच अभ्यास आहे, असे मी म्हणतो तेव्हा क्लासवाले हसतात. हसू देत.

शेवटचा मुद्दा उच्चारांचा. या पुस्तकात उच्चार देवनागरीत दिले आहेत आणि बहुतेक ठिकाणी ते पुरेसे आहेत. पण इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर जोर पडतो आणि नातेवाईक शब्दांत तो जागा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. मराठी कानाला असा जोर ऐकायची सवय नसते, आणि देवनागरीत तो दाखवायची सोय नाही. संकलकांनी जोराचे अक्षर ठळक छापले आहे. तेवढ्याने काम होत नाही. मोबाइलवरच्या कोशात शब्दाशेजारी कर्ण्याचे चिन्ह असते. ते दाबून शब्द दोनदा ऐकावा, मग पुस्तकातला उच्चार वाचावा. क्रम उलटा केला तर चुकीचा जोर जिभेवर बसतो आणि तो घालवायला फार वेळ लागतो.